नाडी बावन्न

माणूस जिवंत आहे की नाही, हे मी खुर्चीवरून न उठता सांगू शकतो. यात बढाई नाही, नोकरी आहे. निवृत्तिवेतन कार्यालयात हयातीचे दाखले तपासायच्या टेबलावर मला अठरा वर्षं झाली. आमच्याकडे माणूस नुसता समोर उभा राहून जिवंत ठरत नाही, तो कागदावर जिवंत असावा लागतो. एवढ्या अनुभवी माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत जे घडलं ते त्याला वेळेवर ओळखता आलं नाही, हे मी कार्यालयात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

झालं असं की माझ्या बायकोने कुस्तीच्या स्पर्धेत नाव दिलं.

बायको त्रेचाळीस वर्षांची. वीजतक्रार केंद्रात फोन घेते. म्हणजे दिवसाचे आठ तास लोक तिच्यावर ओरडतात आणि ती "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढंच म्हणते. मग घरी येऊन उरलेलं सगळं म्हणते. कॉलेजात असताना ती कुस्ती खेळायची. अंतिम सामन्याआधी दहा मिनिटं तिच्या पोटात असा गोळा आला की ती कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून उतरली आणि घरी निघून गेली. हे मला लग्नानंतर सात वर्षांनी कळलं, तेही भांडणाच्या ओघात. यंदा सगळ्या कार्यालयांच्या मिळून क्रीडास्पर्धा निघाल्या, त्यांत चाळिशीपुढच्या बायकांची कुस्ती होती. ती म्हणाली, "हरले तर हरले. पण या वेळी दारातून बाहेर येईन."

वजनगट बासष्ट किलोचा. बायको चौसष्ट किलो आठशे ग्रॅम. हातात दिवस बावीस.

आहाराची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली आणि एक तक्ता केला. माझे तक्ते कार्यालयात प्रसिद्ध आहेत, साहेबांनी एकदा माझ्या एका तक्त्याकडे बराच वेळ बघून "हे कशासाठी?" असं विचारलं होतं. या तक्त्यात डावीकडे वेळ, मग पदार्थ, मग वजन, मग शेरा. तो स्वयंपाकघराच्या दारावर लावला आणि त्याच दिवशी तो अख्ख्या इमारतीचा झाला.

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना आम्ही 'तपशील' म्हणतो. जगातल्या कुठल्याही गोष्टीचा तपशील त्यांच्याकडे असतो, फक्त तो भलत्याच गोष्टीचा असतो. ते म्हणाले, "अंड्यातलं पिवळं काढा. पिवळं धावणाऱ्यांना. कुस्ती आडवी होते, आडव्याला पांढरं." जिन्यात भेटलेल्या एका बाईंनी, ज्यांना मी तोवर ओळखतही नव्हतो, पाणी बंद करायला सांगितलं. त्यांच्या भावाने केलं होतं.

"मग जिंकले का ते?"

"जिंकला नाही. पण हलका झाला."

माझी आई म्हणाली, "तिला पोटभर जेवू दे आणि तू तिच्या वाटेत उभा राहू नकोस." सगळ्यांत शहाणा सल्ला हाच होता, म्हणून तो तक्त्यात आला नाही.

आठ दिवसांनी वजन भरलं पासष्ट किलो शंभर.

बायको घाबरली की खाते, आणि ती सकाळी डोळे उघडल्यापासून घाबरलेली असायची. तक्त्यातला एक उकडलेला बटाटा संपला की तक्त्याबाहेरचे तीन. शिवाय सराव. बेसावध माणसावर केलेला सरावच खरा, असं तिच्या कोचबाईंनी सांगितलं होतं आणि घरात बेसावध असा मीच. फ्रिज उघडायला वाकलो की माझा डावा पाय जमिनीवरून नाहीसा व्हायचा. एकदा मी दाढी करत असताना तिने मला पाठीवर घेतलं. उरलेली दाढी मी कार्यालयात केली. मी आपटल्याचा आवाज, मग माझा आवाज, मग "अरे ओरडतोस काय, हाड मोडलंय का?" हा तिचा आवाज, आणि या सगळ्यावर आईचा रेडिओ. सरावाच्या दोन लढतींआधी ती दोन्ही वेळा ओकली.

नवव्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. बेल नीट चालत असताना.

दारात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर उभे होते. निवृत्त भूलतज्ज्ञ. सहा वर्षं ते आमच्या डोक्यावर राहत होते आणि सहा वर्षांत वरून मी एकदाही खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला नव्हता. उंच, कोरडे, आणि इतकं हळू बोलणारे की ऐकणाऱ्याला पुढे वाकावंच लागतं.

"खालून आवाज येतो," ते म्हणाले.

मी क्षमा मागायला लागलो.

"तक्रार नाही. आवाजावरून मला नाडी कळते. तुमच्या घरात कोणाची तरी एकशेदहाच्या वर आहे."

ते आत आले, सरळ बायकोसमोर बसले आणि तिचं मनगट दोन बोटांत धरलं. आमच्या घरात परवानगीशिवाय बायकोचा हात धरणाऱ्याची मला काळजी वाटते. पण तिने हात काढून घेतला नाही. आईने रेडिओ बारीक केला. आजवर आईने रेडिओ कोणासाठी बारीक केला नव्हता.

"भीती कुठे असते?"

"पोटात," बायको म्हणाली.

"काढता येईल."

मी सावधपणे म्हणालो, "डॉक्टर, स्पर्धेत औषधं चालत नाहीत हं."

"औषधाचा एक थेंब नाही. औषध घाईच्या लोकांसाठी. आपल्याकडे चौदा दिवस आहेत." आणि दारावरच्या माझ्या तक्त्याकडे बघून ते पुढे म्हणाले, "हे काढून ठेवा. याने माणूस जागा राहतो."

डॉक्टरांचे नियम तीनच होते. खायचं ते पांढरं आणि कोमट: भात, दूध, अंड्याचा पांढरा भाग, सोललेला बटाटा, सोललेली काकडी, मीठ नाही. घरात कोणी कोणाला प्रश्न विचारायचा नाही, प्रश्नाने नाडी उडते. आणि रोज दोनदा, डोळे मिटून, शंभरपासून उलटे आकडे, एका श्वासाला एक.

"ऑपरेशनच्या टेबलावरची माणसं सत्त्याण्णवच्या पुढे गेलेली मी पाहिली नाहीत," ते म्हणाले. "तुम्हाला जरा जास्त लागतील."

एका घरात दोन प्रकारचा स्वयंपाक कोण करणार? आणि एकीने आकडे म्हणायचे, दोघांनी नुसतं बघायचं, हेही वाईट दिसतं. म्हणून आम्ही तिघंही पांढरं खायला आणि खाली मोजायला लागलो.

पहिले तीन दिवस मजेत गेले. प्रश्न न विचारता संसार करून बघा. "चहा हवा आहे, असं मला वाटतं आहे की काय, असं तुम्हाला वाटत असेल," असं आई म्हणाली आणि आम्ही हसलो. चौथ्या दिवशी तिने नुसतं "चहा" म्हटलं. पाचव्या दिवशी तिने कप पुढे केला. सहाव्या दिवशी चहा झालाच नाही आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

वजन मात्र सुरेख उतरत होतं. त्रेसष्ट सातशे. त्रेसष्ट दोनशे. पडझड थांबली होती. फ्रिज उघडून मी दोन्ही पायांवर उभा राहू शकत होतो. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तपशील एकदा सल्ला द्यायला आले. दार उघडंच होतं. आम्ही तिघं डोळे मिटून आकडे म्हणत होतो. त्यांचा श्वास दारात अडल्याचं मला ऐकू आलं, मग त्यांची पावलं, आधी सावकाश आणि पहिल्या वळणानंतर धावत. पुढे त्यांनी मला सांगितलं, "तिघांची छाती एकदम वर जात होती आणि एकदम खाली. मी पण दोनदा तसाच श्वास घेतला. मग भ्यालो." त्यानंतर आमच्याकडे कोणी आलं नाही. दूधवाला पिशवी दाराला न लावता पायरीवर ठेवायला लागला.

दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "तुमचा रुमाल पडलाय."

मी रुमाल उचलला. खिशात ठेवला. आणि मग जाणवलं की ती 'तुमचा' म्हणाली. एकोणीस वर्षांत तिने मला 'अरे', 'ए', 'तू' आणि काही प्रसंगी लिहिता न येण्यासारखं बरंच काही म्हटलं होतं. 'तुम्ही' कधीच नाही. ती माझ्याकडे बघत होती, पण प्रवासात समोर बसलेल्या माणसाकडे बघावं तशी. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. वाटलं नाही.

ते वाटलं दुसऱ्या दिवशी, कार्यालयात. एक गृहस्थ वडिलांचं निवृत्तिवेतन बंद करायचा अर्ज घेऊन आले. मी कागद घेतला, शिक्का उचलला आणि 'हयात' असा मारला.

"अहो, वडील वारले," ते म्हणाले.

"हरकत नाही," मी म्हणालो.

माझा आवाज इतका शांत होता की ते आभार मानून निघून गेले. दहा मिनिटांनी परत आले. चेहरा पांढराफटक.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "नक्की ना?"

त्या माणसाच्या डोळ्यांत जी आशा होती ती बघून माझ्या पाठीतून थंड शिरशिरी गेली. चौदा दिवसांच्या उपचाराला पडलेलं ते पहिलं भोक. पुढे साहेबांनी मला बोलावून चाळीस मिनिटं झापलं, लेखी खुलासा मागितला, आणि मी अठरा वर्षांत प्रथमच मनापासून झापून घेतलं. प्रत्येक शब्द लागत होता. बरं वाटत होतं.

घरी जाताना बायकोला घ्यायला मी तक्रार केंद्रात गेलो. तिचे वरिष्ठ मला दारातच भेटले, खूश होते. "तुमच्या मिसेसनी कमाल केली. हल्ली त्यांच्याशी बोलल्यावर लोक परत फोनच करत नाहीत." मी विचारलं, वीज आली म्हणून का? "नाही, वीज नसतेच," ते म्हणाले. "ते नुसते बसून राहतात, म्हणतात."

मी धंद्याच्या नजरेने बायकोकडे पाहिलं. पापण्या: मिनिटाला दोनदा. हात: मांडीवर, तळवे वर. घरी आल्यावर मी नियम मोडला.

"तुला भीती नाही वाटत?"

"भीती," ती म्हणाली. जणू हा शब्द कोणीतरी तिच्याकडे ठेवायला दिला होता आणि कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं.

"जिंकायचंय ना तुला?"

"कोणीतरी जिंकेल."

मी तडक वरच्या मजल्यावर गेलो. डॉक्टरांचं दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत एक टेबल, त्यावर एक पांढरी बशी, आणि एक खुर्ची. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला फरशीवर चार गोल खुणा होत्या, तिथे कधीकाळी दुसरी खुर्ची असावी. डॉक्टर भात खात होते.

"डॉक्टर, थांबवा हे. ती ती राहिली नाही."

"नाडी किती?"

"मी कशाला मोजू?"

"बावन्न," ते समाधानाने म्हणाले. "अशी नाडी मी टेबलावरच पाहिली आहे. तीन दिवस राहिलेत. मध्येच उठवलेला माणूस फार घाबरतो, त्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. तुम्ही बसा." बसायला जागा नव्हती. तरी मी जवळजवळ बसलोच होतो, इतका तो आवाज मऊ होता. खाली येऊन मी काय केलं? भात खाल्ला. भित्रा माणूस मीही आहे. मध्येच उठवून काही झालं तर, हा विचार मला करवेना.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन भरलं एकसष्ट किलो सातशे. क्रीडागृहाच्या दारात नोंदणीचं टेबल होतं आणि टेबलामागे माझ्याच जातकुळीचा एक कारकून. त्याने अर्ज परत केला.

"पालकांची सही राहिली."

"त्या त्रेचाळीस वर्षांच्या आहेत," मी म्हणालो.

"अर्ज शालेय स्पर्धेचाच आहे, वेगळा छापलेला नाही. पालक म्हणजे खेळाडूला मॅटवर उतरवायला आणि वाटल्यास उतरवून घ्यायला जबाबदार व्यक्ती. रकाना रिकामा राहणार नाही." रिकामा रकाना बघून त्याला होणारा त्रास मी ओळखला, मलाही होतो.

एरवी बायकोने ते टेबल उचलून त्याच्यावर ठेवलं असतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "करा सही." मी पालक म्हणून सही केली. आयुष्यात इतकी वाईट सही मी केलेली नाही.

पहिली लढत परिवहन खात्यातल्या बाईंशी होती, चांगल्या रुंद आणि तापट. शिट्टी झाली. बायको मॅटच्या मधोमध उभी राहिली आणि बघायला लागली. नुसती. परिवहनवाल्या बाई दोन पावलं पुढे आल्या, थांबल्या, आणि पंचांना म्हणाल्या, "हिला बरं आहे ना?" मग त्या मागे सरकल्या. मॅटबाहेर गेल्या. पंचांनी आत आणलं, त्या पुन्हा बाहेर. लढत टाळल्याबद्दल त्या गुणांवर हरल्या आणि हरल्याचं कळताच चपला न घालता निघून गेल्या.

दुसरी तुरुंगातली पहारेकरी होती. बावीस वर्षं कैद्यांच्या डोळ्याला डोळा देणारी. तिने वीस सेकंद डोळ्याला डोळा दिला, आणि मग डोकं दुखतंय म्हणून खाली बसली.

अशा रीतीने माझी बायको कोणाला बोटही न लावता अंतिम फेरीत पोचली. टाळ्या वाजल्या नाहीत. एवढं भरलेलं क्रीडागृह, पण खोकल्याचाही आवाज नव्हता. मी मागे वळून पाहिलं. रांगामागून रांगा लोक बसले होते आणि सगळ्यांचे खांदे सावकाश, एकदम, वर जात होते आणि खाली येत होते. आई त्यांतच होती. डॉक्टर पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर.

तिसरी प्रतिस्पर्धी टपाल खात्यातली, ठेंगणी बाई. मॅटवर चढण्याआधी तिने बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा काढून मैत्रिणीकडे दिला, आणि चाचपडत मधे आली. तिला माझ्या बायकोचे डोळे दिसतच नव्हते! शिट्टी झाली तशी ती सरळ आत घुसली, पाय धरून पट काढला आणि बायकोला उचललं. बायको घडी घातलेल्या चादरीसारखी वर गेली. हात लोंबत होते. आपटली, तोंडातून हूं नाही की चूं नाही. चार गुण. टपालवाली तिच्या छातीवर आली, एक खांदा टेकला, दुसरा टेकायला चार बोटं उरली होती, आणि त्या शांततेत मला बायकोचे ओठ हलताना दिसले. ती आकडे म्हणत होती. सत्तराच्या खाली गेली होती.

मी कसा उठलो ते मला माहीत नाही. माझे बूट मॅटवर होते एवढं आठवतं.

"थांबवा!" मी ओरडलो. "मी पालक आहे! मी हिचा पालक आहे, माझी सही आहे! मी हिला उतरवून घेतोय!"

पंच शिट्टी फुंकत माझ्याकडे धावले. टपालवाली कोण आलंय ते बघायला डोळे बारीक करून वर वळली. आणि तिच्या खालून, खोल विहिरीतून यावा तसा, आधी अगदी लहान, एक आवाज आला.

"कोणाचा?"

चौदा दिवसांतला तो तिचा पहिला प्रश्न.

"कोणाचा पालक?" आवाज मोठा झाला. "अरे ए! माझा पालक? तुला स्वतःचा रुमाल सांभाळता येत नाही! बूट घालून मॅटवर आलास? उतर! उतर आधी खाली, नाहीतर हिला सोडून तुलाच धरते!"

सगळं क्रीडागृह एकदम खोकलं. रांगांमधून कुजबुज उठली, कोणीतरी हसलं, एक लहान मूल रडायला लागलं. बायको उठून बसली, चारी बाजूंना बघितलं, आणि तिचा चेहरा माझ्यासमोर बदलला. रंग आला, घाम आला, ओठ थरथरले. "बापरे," ती पुटपुटली, "ही फायनल आहे?" तिने पोट धरलं. तिची नजर भिंतीवरून फिरत एका उघड्या खिडकीवर थांबली. मी पाहिलं. कोचबाईंनीही पाहिलं.

मग तिने नाक पुसलं, आणि मॅटच्या मधोमध येऊन वाकून उभी राहिली.

प्रेक्षक मॅटवर आल्याबद्दल टपालवालीला एक गुण देण्यात आला. पाच-शून्य. त्यानंतरची तीन मिनिटं मी दोन स्वयंसेवकांच्या हातांत राहून पाहिली. बायको घाबरून लढत होती. प्रत्येक डावाआधी "आई गं" म्हणत होती आणि डाव टाकत होती. एक पट, दोन गुण. मागून कंबर धरली, दोन. शेवटच्या दहा सेकंदांत टपालवालीने एक घेतला, हिने दोन घेतले. निकाल सहा-सात… नाही, नीट सांगतो, हे चुकलं तर घरात राहता येणार नाही: सहा तिला, सहा हिला, आणि बरोबरीत शेवटचा गुण हिचा म्हणून ही जिंकणार, तेवढ्यात मी आनंदाने पुन्हा मॅटवर गेलो. घड्याळात एक सेकंद होता. सहा-सात.

रौप्यपदक. खाली उतरल्यावर तिने मला जे सांगितलं ते क्रीडागृहातल्या सगळ्यांनी ऐकलं. आई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने विचारलं, "इथे चहा मिळतो का कुठे?" मी आईच्या गळ्यातच पडलो. बायको पदक घेऊन मोठ्या दारातून बाहेर पडली, माझ्या दहा पावलं पुढे, एकदाही मागे न बघता बोलत.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आमचा नाश्ता चालला होता: तळलेली अंडी, पिवळ्यासकट, वर मीठ आणि मिरपूड. त्यांनी आधी टकटक केली, मग जरा थांबून बेल दाबली. बायको दार उघडायला गेली.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदाही झाली नाही. झोपवलेल्या माणसाला जागं करायचं असतं, ते मी विसरलो."

"विसरलात?" बायको म्हणाली, आणि तिथून सुरू झाली. बिनमिठाचा भात, सोललेली काकडी, चौदा दिवस सासूच्या तोंडून शब्द नाही, नवरा माणसांत नाही, लोकांची वीज गेलेली आणि ते अंधारात बसून, आणि आयुष्यातली एक फायनल, त्यातली अर्धी ही झोपेत खेळली! डॉक्टर मान खाली घालून उभे होते. मी आतून हातवारे केले, म्हातारा माणूस आहे, पुरे. ती श्वास घ्यायला थांबली.

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांचे कान लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"माझी बायको गेल्यापासून मला असं कोणी बोललं नाही," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. थांबू नका."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, नीट.

"मग आत या आधी," ती म्हणाली. "दारात उभं राहून ऐकण्याइतकं थोडं नाहीये ते. आणि काय हो, सकाळपासून काही खाल्लंय का?"

डॉक्टरांनी चपला काढल्या. मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि अंडं फोडायला उठलो.